विषाचा उतारा : एका शब्दाचा इतिहास

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर साप चावला की विष 'चढते' आणि भगत ते 'उतरवतो'. औषधालाही आपण 'उतारा'च म्हणतो. विष ही देहात वर चढत जाणारी वस्तू आहे आणि ती आल्या वाटेने खाली आणता येते, अशी कल्पना या क्रियापदांत आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत शास्त्राने ही कल्पना बदलली. हा बदल केवळ शब्दाचा नाही, असे आम्हांस वाटते.

1890 मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवले की धनुर्वाताचे विष थोडेथोडे टोचलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात त्या विषावर मात करणारे द्रव्य तयार होते. त्याच दशकात काल्मेत या फ्रेंच वैद्याने ही युक्ती नागाच्या विषाला लावली. आपला रक्तद्रव साऱ्याच सापांना चालेल, असा त्याचा समज होता. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत, परळच्या प्लेग प्रयोगशाळेत (म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत) काम केलेल्या जॉर्ज लँब यांनी तो खोडून काढला : नागावरचा रक्तद्रव घोणशीवर चालत नाही. म्हणूनच आजच्या भारतीय औषधात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांची विषे टोचलेल्या घोड्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे असतात.

पण 'मात करणे' म्हणजे नेमके काय? मज्जातंतूचा निरोप एका रसायनाच्या रूपाने स्नायूकडे येतो आणि स्नायूपेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही तो स्वीकारतो. नागाचे विष या ग्राहीच्या खाचेत जाऊन बसते. निरोप पोचत नाही. पापण्या मिटू लागतात, अखेर श्वास थांबतो. प्रथिनांचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडले की अणूंची मांडणी कळते. 2007 मध्ये या रीतीने मण्यारीच्या कुळातील एका सापाचे विष ग्राहीच्या खाचेत बोट घातल्यासारखे शिरलेले दिसले. 2024 मध्ये अमेरिकी संशोधकांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साथीने एका मानवनिर्मित प्रतिपिंडाची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. त्या प्रतिपिंडाचा एक भाग हुबेहूब ग्राहीचे सोंग घेतो. बहुरूप्याला पाटील समजून कोणी जोहार घालावा, तसे विष त्यालाच ग्राही समजून चिकटते आणि खरी खाच मोकळी राहते. हे प्रयोग उंदरांवर झाले आहेत. घोणस-फुरशांच्या विषांवर त्याचा उपयोग नाही.

तेव्हा प्रतिपिंड विष 'उतरवत' नाही, ते विषाला वाटेत अडवते. अडवण्याला वेळेचे बंधन असते. मण्यारीच्या बाबतीत ते फार कडक आहे, कारण तिच्या विषातील दुसरा एक घटक मज्जातंतूंची टोकेच नष्ट करतो. ती नव्याने वाढेपर्यंत रोग्याला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. उशिरा टोचलेले प्रतिपिंड ती परत आणू शकत नाही. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही आणि पहाटे पोट दुखू लागते तेव्हा कित्येक तास गेलेले असतात. मग भगत, आणि त्यानंतर माळशेजच्या पायथ्याच्या पाड्यावरून तालुक्याच्या रुग्णालयापर्यंतची वाट.

भगताला हसणे सोपे आहे. पुष्कळ साप बिनविषारी असतात, विषारी सापाच्या प्रत्येक दंशातही विष जात नाही. म्हणून त्याचा मंत्र अनेकदा फळलेला दिसतो. खोट त्या क्रियापदात आहे. जे चढले ते केव्हाही उतरवता येईल, असा दिलासा ते देते. खाचेत बसलेले विष तशी सवड देत नाही.

2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 माणसे गेली, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असे केंद्राने राज्यांना कळवले ते नोव्हेंबर 2024 मध्ये. परळच्या प्रयोगशाळेपासून शहापूर शंभर किलोमीटरही दूर नाही. औषधाच्या इतिहासातील हे शेवटचे अंतर स्फटिकाने कापले जाणार नाही. त्यासाठी पाड्यापर्यंत रस्ता लागतो, आणि रात्रीही जागे असलेले रुग्णालय.