सदाफुलीची कुंडी

मनीला लिम्फोमा झाला. दर आठवड्याला तिच्या पायाच्या शिरेतून व्हिन्क्रिस्टिन द्यायचे. हे औषध सदाफुलीतलं आहे म्हटल्यावर मला आमच्या गॅलरीतली कुंडी आठवली.

१९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या झाडात मधुमेहावरचा उपाय शोधत होते. उंदरांची साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन हाती लागलं. पुढे त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन निघालं. १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि रक्ताचा कर्करोग झालेली मुलं जगू लागली. नंतर मांजरंही.

पण तेच झाड मांजराने चघळलं तर विष. म्हणून कुंडी शेजारच्या काकूंकडे दिली.

मनी आणखी सात महिने जगली. कुंडी अजून तिकडेच आहे.