नाताळची भेट : मोल श्रद्धेचे, पैशाचे नव्हे

डिसेंबर उजाडला की महानगरांतील दुकाने रोषणाईने उजळतात, रंगीत कागदांत गुंडाळलेली खोकी दर्शनी भागात मांडली जातात आणि नाताळ म्हणजे खरेदीचा हंगाम, हे समीकरण मनात पक्के होते. मात्र भेट देण्याची ही प्रथा ज्या श्रद्धेतून उगम पावली, तिने भेटीचे मोल कधीच किमतीवरून ठरवले नव्हते.

या प्रथेचे मूळ मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले जाते. पूर्वेकडून ताऱ्याचा मागोवा घेत आलेल्या ज्ञानी पुरुषांनी बाळ येशूला सोने, ऊद आणि गंधरस अर्पण केला. हे पुरुष किती होते, याचा उल्लेख तेथे नाही. भेटी तीन म्हणून तेही तीन, अशी परंपरा पुढे रूढ झाली. सोने राजेपणाचे, ऊद ईश्वरत्वाचे, तर प्रेताच्या उत्तरक्रियेत वापरला जाणारा गंधरस मृत्यूचे प्रतीक, असा अर्थ ख्रिस्ती परंपरेने लावला. भेटी मौल्यवान होत्या. पण त्या लक्षात राहिल्या त्या अर्थामुळे. पुढे याच येशूने मंदिराच्या दानपेटीत दोन क्षुल्लक नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेचे दान धनिकांच्या दानाहून मोठे ठरवले. धनिकांनी शिल्लक होते त्यातून दिले, तिने आपली उपजीविकाच देऊन टाकली, हे त्यामागचे कारण होते.

नाताळच्या भेटींशी जोडले गेलेले दुसरे नाव संत निकोलस यांचे. चौथ्या शतकात ते आशिया मायनरमधील मायरा (आजच्या तुर्कस्तानातील देम्रे) येथे बिशप होते. त्यांच्याविषयीची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका मराठी वाचकाला परकी वाटू नये अशी आहे. हुंड्यासाठी पैसा नसल्याने एका दरिद्री पित्याच्या तीन मुलींवर देहविक्रयाची वेळ येऊन ठेपली होती. निकोलस यांनी रात्रीच्या अंधारात त्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या आणि देणाऱ्याचे नाव कळू नये याची काळजी घेतली. येथे दिले गेले ते धनच. परंतु ते गुप्तपणे दिल्यामुळे घेणाऱ्याची मान खाली गेली नाही आणि परतफेडीचे ओझेही राहिले नाही. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, या ख्रिस्ताच्या शिकवणीचेच हे आचरण होते. श्रद्धा पैशाला नाकारत नाही, तर त्याला सेवकाच्या जागी ठेवते, हा या कथेचा गाभा होय.

या संतांचेच डच रूप म्हणजे 'सिंटरक्लास' आणि त्यावरूनच अमेरिकेत 'सांताक्लॉज' घडला. चित्रकार थॉमस नास्ट यांनी १८६३ पासून 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकात त्याची चित्रे काढली. १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी त्याची लाल झग्यातील, हसऱ्या चेहऱ्याची छबी जगभर नेली. अंधारात लपून देणारा संत अशा रीतीने जाहिरातीच्या झगमगाटात आला.

हा बदल एकाएकी झाला नाही. १८४३ मध्ये लंडनला हेन्री कोल यांनी पहिले व्यापारी नाताळ शुभेच्छापत्र छापून घेतले. त्याची किंमत एक शिलिंग होती. जॉन कॅलकॉट हॉर्स्ली यांनी काढलेल्या त्या चित्रात मधोमध मेजवानी करणारे कुटुंब आहे आणि दोन्ही बाजूंना भुकेल्यांना अन्न व गरजूंना वस्त्र दिले जात आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चार्ल्स डिकन्स यांच्या 'अ ख्रिसमस कॅरल'मधील कंजूष स्क्रूजही अखेर दानालाच प्रवृत्त होतो. व्यापार तेव्हाही होता, पण उत्सवाच्या चित्रात गरिबाची जागा राखलेली होती. आज मधली मेजवानी तेवढी उरली असेल, तर त्या दोन बाजूंची आठवण करून देणे अगत्याचे ठरते.

त्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. गोव्यात नाताळच्या दिवसांत दोदोल, नेवऱ्या, कुलकुल आदी पदार्थांचे ताट शेजारीपाजारी पाठवले जाते. पोर्तुगीज शब्दावरून आलेल्या 'कोन्सुआद' या नावाने ही प्रथा ओळखली जाते. ताट ख्रिस्ती घरांत जाते, तसेच हिंदू घरांतही जाते. गणेशचतुर्थीला आणि दिवाळीला तिकडून फराळ येतो. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल, तेथे गोडधोड केले जात नाही. त्या घरी मात्र शेजारी आवर्जून ताट पाठवतात. दुखवट्याच्या घरी दिवाळीचा फराळ पोहोचवणाऱ्या मराठी कुटुंबांना ही रीत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

त्या ताटाची किंमत कोणी काढत नाही आणि त्या वर्षी परतीच्या ताटाची अपेक्षाही नसते. शोकाच्या दिवसांतही आपण एकटे नाही, एवढा विश्वास ते ताट देऊन जाते. नाताळची खरी भेट ती हीच.