एस्टोनिया, १९१८-१९ : जमिनीच्या वचनावर लढले गेलेले युद्ध

२४ फेब्रुवारी १९१८ रोजी तालिन शहरात एस्टोनियाचे स्वातंत्र्य जाहीर झाले. २५ फेब्रुवारीला जर्मन फौज त्याच शहरात शिरली. नव्या राष्ट्राच्या वाट्याला स्वतःच्या राजधानीतील जेमतेम एक दिवस आला.

बाल्टिक समुद्राच्या काठावरचा हा देश. लोकसंख्या सुमारे ११ लाख. पूर्वेला रशिया, उत्तरेला आखातापलीकडे फिनलंड, दक्षिणेला लॅटव्हिया. दोनशे वर्षे झारची सत्ता. पण त्या सत्तेखाली गावोगावी खरा अंमल होता तो जर्मन जहागीरदारांचा. या लहानशा देशाने पुढील दोन वर्षांत पूर्वेकडील लाल सैन्य आणि दक्षिणेकडील जर्मन पलटणी अशा दोघांनाही परतवले. हे कसे घडले, याचे उत्तर बहुतेक वेळा सेनापती, चिलखती आगगाड्या आणि ब्रिटिश युद्धनौका यांच्या वर्णनात शोधले जाते. ते वर्णन खोटे नाही, पण अपुरे आहे. या युद्धाचा गाभा शेतजमिनीच्या प्रश्नात होता.

तेराव्या शतकातील धर्मयुद्धांपासून या भूमीवर जर्मन भाषक उमरावांचा वरचष्मा होता. राज्यकर्ते बदलले; डेन, पोल, स्वीड, रशियन आले आणि गेले. जहागिरी मात्र त्याच घराण्यांकडे राहिल्या. १८१६ आणि १८१९ मध्ये येथील भूदास कायद्याने मुक्त झाले, पण त्यांना जमीन मिळाली नाही. मुक्त माणूस पुन्हा त्याच धन्याच्या शेतावर खंडाने किंवा वेठीने राबू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक कुळांनी कर्ज काढून शेते विकत घेतली आणि एस्टोनियन शेतकऱ्यांचा एक सुस्थित वर्ग उभा राहिला. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी निम्म्याहून अधिक जमीन जहागिरींकडेच होती. हे उमराव लोकसंख्येच्या पाच टक्केही नव्हते. ग्रामीण जनतेचा मोठा भाग भूमिहीन होता.

१९१८ च्या जर्मन ताब्याने ही जखम ताजी झाली. बाल्टिक उमरावांना जर्मन सम्राटाच्या छत्राखाली एक संस्थान हवे होते. बाहेरून येणाऱ्या जर्मन वसाहतकऱ्यांना आपल्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा देण्याचीही त्यांची तयारी होती. ज्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या राबलो ती आपल्याला नाही, पण परक्याला मिळणार, हे एस्टोनियन मजुराने त्या उन्हाळ्यात ऐकले. पुढचे समजून घेताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

नोव्हेंबर १९१८. जर्मनी महायुद्ध हरली. ११ नोव्हेंबरला एस्टोनियाच्या हंगामी सरकारने पुन्हा कामकाज सुरू केले. पंतप्रधान कॉन्स्टंटिन पॅट्स जर्मनांच्या कैदेतून सुटून २० तारखेला तालिनला पोहोचले. सरकारकडे खजिना नव्हता, शस्त्रे नव्हती, सैन्य तर नव्हतेच. १९१७ मध्ये उभ्या राहिलेल्या एस्टोनियन पलटणी जर्मनांनी मोडून टाकल्या होत्या. जर्मन सैनिकांना आता फक्त घरी जायचे होते.

मॉस्कोने ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह रद्दबातल ठरवला आणि २८ नोव्हेंबरला लाल सैन्य सीमेवरील नार्वा शहरावर चालून आले. शहर पडले. दुसऱ्याच दिवशी तेथे ‘एस्टोनियन श्रमिक कम्यून’ जाहीर झाली. तिचे प्रमुख यान आनवेल्ट हे एस्टोनियनच होते. लाल बाजूने लढणाऱ्यांतही एस्टोनियन पलटणी होत्या. म्हणून हे केवळ परचक्र नव्हते. काही अंशी ते भाऊबंदकीचे युद्धही होते, आणि नंतरच्या राष्ट्रीय गौरवगाथांनी ही बाजू बरीचशी झाकून ठेवली.

सरकारने आधी स्वयंसेवकांना हाक दिली. प्रतिसाद फारच थोडा आला. मग सक्तीची भरती जाहीर झाली. तिलाही अनेकांनी दाद दिली नाही. झारच्या खंदकांत सडून आलेल्या माणसाने पुन्हा बंदूक का उचलावी? तालिनमधील वकील, पत्रकार आणि सुस्थित शेतकरी यांच्या सरकारसाठी? आणि जिंकल्यावर जहागीरदार परत येणार नाहीत, याची हमी कोण देणार? भूमिहीन मजुराच्या दृष्टीने हे प्रश्न अगदी रास्त होते.

डिसेंबरभर माघार चालू राहिली. वाल्गा गेले, तार्तू गेले, नाताळच्या सुमारास तापा हे रेल्वेचे जंक्शन गेले. जानेवारीच्या आरंभी शत्रू तालिनपासून सुमारे ३५ किलोमीटरवर होता. त्या दिवसांत फळी सावरून धरणाऱ्यांत शाळकरी मुलांची संख्या लक्षणीय होती. वर्गच्या वर्ग शिक्षकांसह आघाडीवर गेले.

मदत समुद्रावरून आली. १२ डिसेंबरला ब्रिटिश नौदलाचे पथक तालिनच्या बंदरात दाखल झाले. येताना त्यांची ‘कॅसँड्रा’ ही क्रूझर सुरुंगावर आदळून बुडाली होती. त्यांनी रायफली व मशीनगन उतरवल्या आणि डिसेंबरच्या अखेरीस दोन रशियन विनाशिका पकडून एस्टोनियाच्या हवाली केल्या. त्यांपैकी ‘स्पार्टाक’वर लाल नौदलाचा बडा नेता फ्योदोर रास्कोल्निकोव होता, तो बटाट्यांच्या पोत्यांखाली लपलेला सापडला आणि त्याची रवानगी लंडनच्या तुरुंगात झाली. कालच्या शत्रूच्या जहाजांना ‘वाम्बोला’ व ‘लेन्नुक’ अशी नवी नावे मिळाली आणि एस्टोनियाला बसल्या जागी आरमार मिळाले. फिनलंडमधूनही काही हजार स्वयंसेवक आले. त्यांची पहिली तुकडी वर्षाच्या अगदी शेवटी तालिनला उतरली.

दरम्यान २३ डिसेंबरला योहान लाइडोनर यांची सरसेनापतिपदी नेमणूक झाली होती. वय ३४. झारच्या सैन्यात लेफ्टनंट कर्नलपर्यंत चढलेला हा अधिकारी मूळचा शेतमजुराचा मुलगा. ज्या माणसांना लढायला उभे करायचे होते, त्यांचे घर त्याने आतून पाहिले होते. युद्धाच्या त्या पहिल्याच महिन्यांत सरकार आणि सेनापती या दोघांकडून सैनिकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाऊ लागली : जहागिरी मोडल्या जातील, आणि जमिनीवर पहिला हक्क लढणाऱ्यांचा असेल.

येथेच नार्व्यातील कम्यूनची चूक ध्यानात येते. जहागिरी काढून घेण्याची घोषणा बोल्शेविकांनी आधीच केली होती. रशियात त्यांनी शेतकऱ्यांना जमिनी वाटूनही घेऊ दिल्या. पण आनवेल्ट आणि त्यांचे सहकारी तत्त्वाला अधिक कट्टर निघाले. मोठी शेती ही प्रगत शेती, तिचे तुकडे करणे म्हणजे मागे जाणे, असे मानून त्यांनी जहागिरी अखंड ठेवल्या आणि सामुदायिक शेतीसाठी राखल्या. मजुराच्या दृष्टीने धनी बदलला, शेत तेच राहिले. जोडीला चर्चवरील बंधने, धान्याची जप्ती आणि ‘वर्गशत्रूं’च्या हत्या होत्या. १४ जानेवारीला तार्तू सोडून जाताना लाल रक्षकांनी एका बँकेच्या तळघरात बिशप प्लातोन यांच्यासह अनेक कैद्यांना ठार केले. सहा-सात आठवड्यांत कम्यूनने आपल्या बाजूला येऊ शकणारा वर्ग स्वतःच्या हाताने गमावला.

७ जानेवारी १९१९ रोजी प्रतिहल्ला सुरू झाला. सैन्य आता सुमारे १३ हजारांचे होते. लढाईचा कणा होत्या तालिनच्या कारखान्यांत घाईघाईने सजवलेल्या चिलखती आगगाड्या. डब्यांना पोलादी पत्रे, मध्ये वाळूच्या गोण्या, वर तोफा. जानेवारीच्या बर्फात रस्ते बुजलेले असताना फौज लोहमार्गानेच हलू शकत होती; ज्याच्या हाती रूळ, त्याच्या हाती देश. योहान पित्का यांनी या गाड्यांची उभारणी केली. कार्ल पार्ट्स आणि आंतोन इर्व यांनी त्या शत्रूच्या पिछाडीपर्यंत दामटल्या. ९ जानेवारीला तापा परत मिळाले, १४ ला तार्तू, १९ ला नार्वा. ३१ जानेवारीला वाल्गाजवळ पायू येथील जहागिरीच्या वाड्यासाठी तुंबळ लढाई झाली. तीत कुपेर्यानोव हा तरुण शिक्षक-सेनानी प्राणांतिक जखमी झाला आणि दोन दिवसांनी वारला. २४ फेब्रुवारीला स्वातंत्र्याचा पहिला वाढदिवस आला, तेव्हा देशाची भूमी जवळजवळ मुक्त होती.

जवळजवळ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याच फेब्रुवारीत सारेमा आणि मुहू या बेटांवर शेतकऱ्यांनी नव्या राष्ट्राविरुद्धच बंड केले. निमित्त सक्तीच्या भरतीचे. मूळ कारणे अन्नटंचाई आणि जहागिरींचा जुनाच कारभार. वचन तालिनमध्ये दिले गेले होते, बेटांवर जुने कारभारी होते तेथेच होते. सरकारने फौज पाठवून आठवड्याभरात बंड चिरडले. लढाईत आणि नंतरच्या लष्करी न्यायालयांच्या शिक्षांत शंभराहून अधिक बंडखोर मेले. आपल्याच नागरिकांचे हे रक्त नव्या प्रजासत्ताकाच्या पहिल्या वर्षाच्या हिशेबात धरावेच लागते. जमिनीचा प्रश्न पुढे ढकलला तर काय होईल, याची सूचनाही त्यातच होती.

यानंतर जे घडले ते युद्धकाळात क्वचितच घडते. आघाडीवर तोफा चालू असताना ५ ते ७ एप्रिल १९१९ या दिवसांत संविधान सभेची निवडणूक झाली. स्त्री-पुरुष सर्व प्रौढांना मताधिकार होता. सैनिकांनी आघाडीवरूनच मतदान केले. १२० जागांपैकी समाजवादी लोकशाही पक्षाला ४१, मजूर पक्षाला ३० आणि लोकपक्षाला २५ जागा मिळाल्या. ज्यांच्या नेतृत्वाखाली देश वाचला त्या पॅट्स यांच्या ग्रामीण संघाला अवघ्या ८. मतदारांनी कृतज्ञता बाजूला ठेवून जमीन वाटणाऱ्या पक्षांना कौल दिला होता. पॅट्स पायउतार झाले, मजूर पक्षाचे ओट्टो स्ट्रान्डमान पंतप्रधान झाले. सभेत ७ स्त्रिया निवडून आल्या. या सभेकडे पाहणाऱ्या सैनिकाला एक गोष्ट कळत होती : वचन देणारे सरकार बदलले, तरी वचन कायम होते.

जूनमध्ये दक्षिणेकडे नवा शत्रू उभा राहिला. लॅटव्हियात जनरल फॉन डेर गोल्ट्झ यांच्या अधिपत्याखालील जर्मन पलटणी आणि बाल्टिक जर्मनांची ‘लांडेसवेअर’ ही सेना यांनी तेथील राष्ट्रीय सरकार उलथून टाकले होते आणि आता त्या उत्तरेकडे सरकत होत्या. लाल सैन्याशी लढताना थकलेले एस्टोनियन जवान या लढाईत वेगळ्याच आवेशाने उतरले. समोर प्रत्यक्ष जहागीरदार आणि त्यांची मुले होती. २३ जूनला व्होन्नू येथे, लॅटव्हियन लोक ज्याला त्सेसिस म्हणतात त्या नगरात, एस्टोनियन व लॅटव्हियन पलटणींनी त्यांचा पराभव केला. हा दिवस एस्टोनियात आजही विजयदिन म्हणून पाळला जातो. त्याहून कितीतरी मोठे संकट लाल सैन्याचे होते, तरी विजयदिन ठरला तो उमरावांवरील जयाचा. इतिहास कशाचा उत्सव करतो, यावरून त्याची जुनी दुखणी ओळखता येतात.

याला एक विचित्र अपवादही होता. एस्टोनियातील काही बाल्टिक जर्मनांनी नोव्हेंबर १९१८ मध्येच स्वतंत्र पलटण उभारली होती. ती एस्टोनियन सरकारच्या आज्ञेखाली, एस्टोनियन सैनिकांच्या शेजारी, लाल सैन्याशी शेवटपर्यंत लढली. त्यांनी राष्ट्र वाचवायला हातभार लावला, आणि त्याच राष्ट्राने त्यांच्या घराण्यांच्या जहागिरी काढून घेतल्या. न्याय आणि अन्याय यांची अशी सरमिसळ झाली की दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेतल्याशिवाय निवाडा करणे कठीण.

१० ऑक्टोबर १९१९ रोजी संविधान सभेने जमीन कायदा संमत केला. त्याच सुमारास जनरल युदेनिच यांची श्वेत सेना एस्टोनियाच्या भूमीवरून पेट्रोग्राडवर चालून निघाली होती. एस्टोनियन सरकार पेचात सापडले : लाल जिंकले तर स्वातंत्र्य धोक्यात, श्वेत जिंकले तरीही धोक्यात, कारण अखंड रशियाचे स्वप्न दोघांनाही प्रिय. एक हजाराहून अधिक जहागिरी या कायद्याने राज्याच्या ताब्यात गेल्या; जमीन, जंगल, इमारती, गुरे आणि अवजारेही. वाटपाचा क्रम ठरला. आधी रणांगणावर विशेष पराक्रम गाजवलेले सैनिक, तसेच जखमी आणि धारातीर्थी पडलेल्यांची कुटुंबे, मग लढलेले इतर आणि त्यानंतर उरलेले भूमिहीन. मोबदल्याचा निर्णय पुढे ढकलला गेला. १९२६ मध्ये तो झाला तेव्हा रक्कम बाजारभावाच्या मानाने नाममात्र होती. जमीन कायम मालकीने द्यावी की राज्याने मालकी स्वतःकडे ठेवून ती नुसती कसायला द्यावी, यावर सभेत कडाक्याचे मतभेद झाले, आणि तो प्रश्न कायद्याने तूर्त उघडाच ठेवला.

युदेनिचची मोहीम पेट्रोग्राडच्या वेशीवर कोसळली. त्याची फौज नार्व्याकडे मागे आली, आणि तिच्यासोबत टायफसची साथ. पाठोपाठ लाल सैन्य पुन्हा नार्व्यावर आले. डिसेंबरभर शहरासमोर हल्ल्यांमागून हल्ले झाले. तेव्हा तार्तूमध्ये वाटाघाटीही सुरू होत्या; समोरच्या पक्षाला टेबलावर बसून सीमारेषा हवी होती आणि रणांगणावरही. फळी टिकली. याच तार्तूत १ डिसेंबरला विद्यापीठ पुन्हा उघडले. आधी जर्मन, मग रशियन भाषेत चाललेल्या या विद्यापीठाची भाषा आता एस्टोनियन होती.

३ जानेवारी १९२० रोजी शस्त्रसंधी अमलात आली. २ फेब्रुवारीला तार्तूचा तह झाला. यान पोस्का यांनी एस्टोनियातर्फे सही केली. सोव्हिएत रशियाने या भूमीवरील सर्व हक्क कायमचे सोडले आणि दीड कोटी सुवर्ण रूबल देण्याचे मान्य केले. त्यातले ‘कायमचे’ १९४० पर्यंतच टिकले. युद्धात एस्टोनियाचे साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक पडले.

जवान घरी परतले आणि जमीन मोजणाऱ्यांची साखळी जहागिरींच्या शेतांवरून फिरू लागली. पुढील दोन दशकांत ५० हजारांहून अधिक नवी शेते आखली गेली. नव्या मालकांपैकी अनेकांकडे बैल नव्हते, बियाणे नव्हते, राहायला घर नव्हते; पहिली काही वर्षे कर्जात आणि कष्टात गेली. जहागिरदारांचे रिकामे वाडे कुणा एकाला देण्याजोगे नव्हते. त्यांपैकी कित्येकांत शाळा भरू लागल्या, आणि काहींत त्या आजही भरतात.