अरुंद रकाना आणि देवनागरी अक्षर

अहमदनगर–आष्टी लोहमार्गावर 23 सप्टेंबर 2022 रोजी प्रवासी गाडी सुरू झाली आणि बीड जिल्ह्यातील कडा हे गाव रेल्वेच्या वेळापत्रकात आले. ‘कडा’ दोन अक्षरी, तर याच मार्गावरील ‘सोलापूरवाडी’ सहा अक्षरी. वेळापत्रकातला रकाना मात्र दोघांना सारखाच. लांब नाव त्यात बसवायचे कसे?

हा प्रश्न जुना आहे. गणपत कृष्णाजी यांनी 1831 साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले. पंचांग म्हणजे रकान्यांचेच पुस्तक. तेथे अक्षर अरुंद करण्याऐवजी शब्द आखूड करण्याची रीत रुळली: मंगळवारचा ‘मं’, बुधवारचा ‘बु’. शिशाच्या खिळ्यांच्या छपाईतही जुळाऱ्याला अक्षर दाबता येत नसे, कारण खिळ्याची रुंदी तो ओततानाच ठरलेली असे.

संगणकावर मात्र अक्षर रबरासारखे दाबता येते. पण त्याने काय होते, ते पाहा. काना आणि शिरोरेषा दोन्ही 10 एकक जाड आहेत असे धरू. अक्षराची रुंदी 60 टक्के केली, की काना 6 एकक उरतो. शिरोरेषा 10 एककच राहते. तोल बिघडतो आणि अक्षराच्या पोटातली मोकळी जागा बुजते. रोमन लिपीत अशा वेळी अक्षर थोडे उंच करता येते. देवनागरीत वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार असल्याने उंचीतही फारशी सवड नसते.

म्हणून अरुंद वळण मुळापासूनच रेखाटावे लागते. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ टंक विंडोज 2000 बरोबर घरोघरच्या संगणकांवर पोचला. 2014 मध्ये मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने एकसारख्या जाडीच्या रेषांचा ‘एक मुक्त’ खुला केला. बोरूच्या अक्षरातला जाड-बारीक भेद त्यात जवळजवळ नाही. त्यामुळे लहान पडद्यावरही तो स्वच्छ दिसतो. त्याच वर्षी अहमदाबादच्या ‘इंडियन टाइप फाउंड्री’चा ‘खंड’ आला. तो तर अरुंद म्हणूनच रेखाटलेला आहे.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नव्हे. कड्याच्या अलीकडचे स्थानक धानोरा. ‘ध’ आणि ‘घ’ यांत भेद मुख्यतः शिरोरेषेतल्या छोट्याशा फटीचा. अक्षर दाबताना ती फट मिटली, तर धानोऱ्याचे ‘घानोरा’ होते. ‘भ’ आणि ‘म’ यांचेही तसेच. औषधाच्या चिठ्ठीवर किंवा दिशादर्शक फलकावर अशी चूक महाग पडेल.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. ‘धन–घन’ आणि ‘भार–मार’ या जोड्या संगणकावर एकदा दाबलेल्या अक्षरांत आणि एकदा मुळातच अरुंद असलेल्या टंकात छापा. दोन्ही कागद भिंतीवर लावून विद्यार्थ्यांना पावलापावलाने मागे सरकू द्या. कोणता शब्द किती अंतरावर चुकतो, ते फळ्यावर मांडा. ती फट किती मोलाची आहे, ते आकडेच सांगतील.