सापामागचे इनाम

अर्थशास्त्राच्या वर्गात दिल्लीच्या नागांची गोष्ट हमखास सांगतात: सरकारने मेलेल्या नागामागे इनाम लावले आणि लोक नाग पाळू लागले. गोष्ट झकास आहे. तिला भक्कम पुरावा मात्र माझ्या वाचनात आलेला नाही. इनामे खरीच होती. इंग्रजी अमदानीत वाघ, बिबटे, लांडगे, विषारी साप मारणाऱ्यांस खजिन्यातून पैसे मिळत. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या काळात ८०,०००हून अधिक वाघ मारले गेले. सापांचा प्रश्न तसाच राहिला. धान्यापाशी उंदीर येतो, त्याच्या मागे साप घरात शिरतो. इनामाने हे कसे थांबावे? २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सर्पचर्माचा व्यापार बंद पडत गेला आणि तमिळनाडूतील इरुळ जमातीची रोजी बुडाली. १९७८ मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. परवान्याने नाग, मण्यार, घोणस, फुरसे पकडायचे, प्रतिविषासाठी विष काढायचे आणि साप पुन्हा रानात सोडायचे, हे तिचे काम. मोबदला सापामागेच, पण जिवंत. २०२३ साली या जमातीतील मासी सदैयन व वडिवेल गोपाल यांना पद्मश्री जाहीर झाली.