खळाळत्या पाण्यात कयाकिंग : सोबतच्या मित्राचं काम काय?

नागपूरजवळच्या कळमेश्वर परिसरातले नदी-नाले पावसाळा संपला की आटू लागतात. त्यामुळे खळाळत्या पाण्यासाठी अनेकांना रायगड जिल्ह्यातलं कोलाड खुणावतं. तिथली कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते, कारण मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरतं आणि वीजनिर्मितीनंतर या नदीत येतं. म्हणूनच कोलाडचं राफ्टिंग सहसा सकाळी, पाणी सोडल्यावर होतं.

राफ्टमध्ये गाईडसह सात-आठ जण असतात. कयाकमध्ये बहुतेक वेळा एकटाच. अशा वेळी सोबतचा मित्र हाच बचाव पथक असतो.

म्हणून रॅपिडमध्ये दोघांनी एकदम शिरायचं नसतं. आधी काठावरून पाहणी करायची. मग एकाने उतरून खालच्या संथ पाण्यात, बचावाची दोरी हाताशी ठेवून थांबायचं. त्याने इशारा केला की दुसऱ्याने निघायचं.

कयाक उलटून बाहेर पडावं लागलं, तर वेगवान प्रवाहात उभं राहू नये. पाय दगडात अडकला तर पाणी माणसाला खाली दाबतं. पाठीवर तरंगत, पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवून काठाकडे सरकावं. पाण्यात आडव्या पडलेल्या झाडापासून लांब राहावं. फांद्यांमधून पाणी निघून जातं, माणूस अडकतो.

मित्र वाहून जाताना दिसला तरी लगेच उडी मारू नये. आधी हाक, मग दोरी. उडी हा शेवटचा पर्याय.

रॅपिडची अवघडता १ ते ६ अशी मोजतात. नवशिक्यांनी प्रशिक्षकासोबत, हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घालून १ पासूनच सुरुवात करावी.