राष्ट्रसभेच्या अध्यक्षपदाची चुरस (१९०७) व वऱ्हाडांतील लोकमताची मोजदाद

राष्ट्रसभेच्या १९०७ सालच्या अध्यक्षनिवडीसंबंधीं आजवर जें लिहिलें गेलें आहे, त्याचा मोठा भाग सुरतेच्या मंडपांतील गोंधळानें व्यापिलेला आहे. खुर्च्या कोणीं उचलल्या, जोडा कोणाच्या अंगावर पडला, यांचीं वर्णनें पुष्कळ सांपडतात. परंतु त्यापूर्वींच्या तीनचार महिन्यांत, अध्यक्ष कोण व्हावा याविषयीं देशाचें मत काय आहे, हें दोन्ही पक्ष कशावरून ठरवीत होते, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. जहाल व मवाळ दोघेही लोकमताचाच हवाला देत होते. वाद होता तो मोजावयाचें काय व मोजावयाचें कोणीं, याविषयीं. वऱ्हाडांतील कागदपत्रांच्या संग्राहकांस हा विषय विशेष जवळचा वाटावा. कारण दोन्ही पक्षांचे अग्रेसर पुरुष एकट्या अमरावतींत नांदत होते, आणि ज्या जातीच्या कागदांवरून ही मोजदाद चाले, ते कागद या प्रांतांतील जुन्या वकिली दप्तरांतून अद्यापि निघण्याचा संभव आहे.

विषय स्पष्ट होण्यासाठीं अमेरिकेंतील एका रूढीकडे प्रथम पाहूं. तेथें राष्ट्राध्यक्षपदासाठीं दोन पक्षांची झुंज होण्यापूर्वीं प्रत्येक पक्षाच्या पोटांत उमेदवारीची झुंज होते. राज्योराज्यीं प्राथमिक निवडणुका होतात आणि त्या काळांत मतचाचण्यांचा सपाटा चालतो. यांपैकीं जिला माग काढणारी चाचणी म्हणतां येईल, तिची रीत साधी आहे. एकच प्रश्न, एकाच पद्धतीनें निवडलेल्या लोकांस, थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानें पुनः पुनः विचारावयाचा. एकट्या आंकड्यास तींत फारसें मोल नसतें. आंकड्यांच्या मालिकेचा उतार-चढाव पाहावयाचा असतो. या विद्येच्या इतिहासांत दोन फजित्या प्रसिद्ध आहेत. १९३६ सालीं ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानें सुमारें एक कोटी मतपत्रिका टपालानें पाठविल्या. तेवीस लाखांच्या आसपास परत आल्या. त्यांवरून लँडन निवडून येणार असें भाकीत केलें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट ४८ पैकीं ४६ राज्यांत विजयी झाले. नांवें निवडलीं होतीं तीं मुख्यतः टेलिफोन व मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून, हें त्या फजितीचें एक मुख्य कारण. दुसरी फजिती १९४८ सालची. त्या वेळीं चाचणीवाल्यांनीं मतदानापूर्वीं बऱ्याच आधीं विचारपूस थांबविली आणि ड्यूई यांचा विजय गृहीत धरला; निवडून आले ट्रूमन. पहिल्या प्रसंगीं यादी चुकली, दुसऱ्या प्रसंगीं तारीख चुकली. हे दोन प्रश्न, यादी कोणाची व तारीख कोणती, १९०७ च्या प्रकरणास लावून पाहण्याचा आमचा हेतु आहे.

अध्यक्षनिवडीचा नियम त्या वेळीं नवाच होता. १९०६ सालीं कलकत्त्यास टिळकांचें नांव पुढें येत असतां दादाभाई नौरोजींस विलायतेहून आणून तो प्रसंग टाळण्यांत आला. त्याच अधिवेशनांत असें ठरलें कीं, जेथें सभा भरावयाची तेथील स्वागत मंडळानें तीन चतुर्थांश बहुमतानें अध्यक्ष निवडावा. तसें बहुमत न झाल्यास प्रश्न मध्यवर्ती स्थायी समितीकडे जावा. पुढील अधिवेशन नागपुरास ठरलें होतें. स्वागत मंडळाचें सभासदत्व वर्गणी भरून मिळे. तेव्हां मतदारांची यादी म्हणजे वस्तुतः वर्गणीदारांची यादी, आणि ज्यास मत वाढवावयाचें त्यानें सभासद वाढवावे, हा सरळ हिशेब झाला. तीन चतुर्थांशांच्या अटीचें गणितही लक्षांत घेण्यासारखें आहे. शंभर सभासदांच्या मंडळांत निवडीस पंचाहत्तर मतें लागत. पण निवड अडविण्यास सव्वीस पुरत. अशा नियमाखालीं बहुमत असलेला पक्षही निराश होऊं शकतो, व अल्पमत असलेला पक्ष आपण हरलों असें कधींच मानीत नाहीं. नागपुरांत नेमकें हेंच झालें. राष्ट्रीय पक्षास टिळक हवे होते. मवाळांचा कल डॉ. रासबिहारी घोष यांजकडे होता. २२ सप्टेंबर १९०७ रोजीं स्वागत मंडळाची सभा गोंधळांत मोडली. १० नोव्हेंबर रोजीं मुंबईस फिरोजशहा मेथा यांच्या बंगल्यावर वरिष्ठ कमिटीची बैठक होऊन अधिवेशन सुरतेस हलविण्यांत आलें.

या स्थलांतराचा अर्थ मोजदादीच्या दृष्टीनें काय होतो, हें नीट पाहिलें पाहिजे. अध्यक्ष निवडावयाचा तो स्वागत मंडळानें. आणि मंडळ बनावयाचें तें अधिवेशनाच्या गांवच्या प्रांतांतून. गांव बदलला कीं मतदार बदलला. नागपूर सोडून सुरत धरल्यानें देशांतील एकाही मनुष्याचें मत बदललें नाहीं, तरी निवडीचा निकाल बदलला. मध्यप्रांत व वऱ्हाड यांतील लोकांच्या हातून ती गोष्ट सुटली आणि गुजराथेंतील मंडळाच्या हातीं गेली. सुरतेच्या मंडळानें डॉ. घोष यांची निवड केली, ती नियमास धरून होती. परंतु तिजवरून देशाचें मत सिद्ध होतें असें म्हणणें म्हणजे एका शहराची यादी साऱ्या राष्ट्राची म्हणून दाखविण्यासारखें आहे. उलट, जहाल पक्ष सभांतील गर्दी व मराठी पत्रांतील उत्साह यांवरून लोकमत आपल्या बाजूस असल्याचें सांगे. तो उत्साह खरा होता यांत आम्हांस शंका नाहीं. परंतु गर्दीची यादी कोणींच केलेली नव्हती, आणि नियमांत गर्दीस मत नव्हतें. एका बाजूस यादी होती पण ती अपुरी. दुसऱ्या बाजूस लोक होते पण यादी नाहीं.

आतां वऱ्हाडाकडे वळूं. १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांतास जोडला गेला असला, तरी राष्ट्रसभेच्या व्यवहारांत वऱ्हाड हा निराळा प्रांत म्हणून गणला जाई. १८९७ सालीं तेरावें अधिवेशन अमरावतीस भरलें. शंकरन नायर अध्यक्ष होते, व स्वागताध्यक्ष गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे होते. प्रतिनिधींची संख्या ६९२ होती. हेच खापर्डे दहा वर्षांनंतर टिळकांचे वऱ्हाडांतील उजवे हात होते. सुरतेच्या प्रसंगानंतर राष्ट्रीय पक्षानें जी हकीकत प्रसिद्ध केली, तिच्याखालीं टिळक, अरविंद घोष, एच. मुकर्जी व बी. सी. चतर्जी यांच्याबरोबर खापर्डे यांची सही आहे. त्याच अमरावतींत वकिली करणारे मुधोळकर हे मवाळ पक्षाचे आधारस्तंभ होते; १९१२ सालीं बांकीपूरच्या अधिवेशनाचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें. मोरोपंत जोशी हेही अमरावतीचेच, व तेही मवाळ. एकाच कोर्टांत उभे राहणारे, एकाच गांवचे हे पुरुष राजकारणांत परस्परविरुद्ध होते. म्हणून ‘अमरावतीचें मत’ किंवा ‘वऱ्हाडचें मत’ अशी एकवचनी भाषा जुन्या तारांतून वा पत्रांतून दिसली कीं संशोधकानें तेथेंच थांबून विचारावें: हें मत कोणाच्या दिवाणखान्यांतून निघालें?

त्या काळीं मत मोजण्याचीं जीं साधनें होतीं, तीं चार प्रकारचीं. पहिलें, स्वागत मंडळाची यादी व वर्गणीच्या पावत्या. दुसरें, जाहीर सभांचे ठराव. सभा बोलावणाराच ठराव लिही. विरुद्ध मताचा मनुष्य बहुधा घरींच राही. त्यामुळें ‘एकमतानें मंजूर’ या शब्दांवरून सभेच्या मताचा बोध होतो, गांवच्या मताचा होत नाहीं. तिसरें, तारा. तार एकाची आहे कीं हजारांची, हें तारेवरून कळत नाहीं; खालचें नांव व्यक्तीचें आहे, संस्थेचें आहे कीं नुसतें ‘नागरिक’ असें आहे, हें पाहावें लागतें. चवथें, वर्तमानपत्रें. पुण्याचा ‘केसरी’, नागपूरचा ‘देशसेवक’ यांसारखीं पत्रें आलेल्या ठरावांच्या बातम्या छापीत, व वाचकांस त्यांवरून वारा कोणीकडे वाहतो आहे याचा अंदाज येई. पण पत्र ज्या पक्षाचें, त्या पक्षाचे ठराव त्याजकडे आधीं येणार, हें उघड आहे. ‘केसरी’ची फाईल एकटी वाचणारा व ‘ज्ञानप्रकाशा’ची एकटी वाचणारा, हे दोघे १९०७ सालच्या दोन निराळ्या देशांत वावरतील.

तारखेचा प्रश्न याहूनही नाजूक आहे. ९ मे १९०७ रोजीं लाला लजपतराय यांस पकडून मंडालेस पाठविण्यांत आलें. सप्टेंबरांत नागपुरास जो वाद झाला तो टिळकांच्या नांवावरून. नोव्हेंबरच्या मध्यास लालाजी सुटले, आणि राष्ट्रीय पक्षाचा ओढा एकदम त्यांच्या नांवाकडे वळला; हद्दपारी भोगून आलेल्या पुरुषास अध्यक्ष करणें हेंच सरकारास योग्य उत्तर, असें त्यांस वाटलें. पुढें लालाजींनींच आपलें नांव मागें घेतलें. म्हणजे मे, सप्टेंबर, नोव्हेंबर व डिसेंबर या चार टप्प्यांत विचारला जाणारा प्रश्नच निराळा होत गेला. सप्टेंबरांतील टिळकांच्या बाजूचा ठराव डिसेंबरांतील घोषविरोधी मत म्हणून मोजणें, किंवा लालाजींच्या सुटकेबद्दलच्या आनंदसभेस त्यांच्या अध्यक्षपदाचा पुरस्कार समजणें, हा १९४८ च्या चाचणीवाल्यांचाच प्रमाद होय. २६ व २७ डिसेंबर रोजीं सुरतेस जे सोळाशेंहून अधिक प्रतिनिधि जमले, त्यांस विचारण्याची पाळी आली ती नांव ठरून गेल्यावर. आणि तेथेंही मतें मोजण्यापूर्वींच मंडप मोडला.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, नीट मोजदाद झाली असती तर फूट टळली असती. आम्हांस तसें वाटत नाहीं, व त्यास पुढील इतिहास साक्ष आहे. १९२० सालीं नागपूरच्या अधिवेशनांत काँग्रेसची नवी घटना होऊन भाषावार प्रांत ठरले. मराठी वऱ्हाड हा स्वतंत्र प्रांत झाला व त्याचें मुख्य ठाणें अमरावती ठरलें. त्यानंतर प्रांतिक कमिट्या अध्यक्षपदासाठीं नांवें सुचवूं लागल्या. १९२९ सालीं दहा प्रांतांनीं गांधीजींचें, पांचांनीं वल्लभभाईंचें व तिघांनीं जवाहरलालांचें नांव सुचविलें. गांधीजींनीं पद नाकारलें, आणि निवड झाली ती ज्यांस सर्वांत कमी प्रांतांचा पाठिंबा होता त्या जवाहरलालांची. २९ जानेवारी १९३९ रोजीं तर प्रतिनिधींनीं प्रांतोप्रांतीं प्रत्यक्ष मतें दिलीं. सुभाषचंद्र बोस यांस १५८० व पट्टाभि सीतारामय्या यांस १३७७ मतें पडलीं. २०३ मतांचा फरक निर्विवाद होता. तरी त्रिपुरीच्या अधिवेशनानंतर एप्रिल संपण्यापूर्वींच बोस यांस राजीनामा द्यावा लागला. मोजणी चोख झाली, पण मोजणीचा निकाल बंधनकारक मानण्याची तयारी सर्वांची नव्हती. तेव्हां १९०७ ची फूट केवळ हिशेबाच्या अभावीं झाली असें नव्हे. कोणाचें मत धरावयाचें हें आधीं ठरल्यावांचून हिशेब निरुपयोगी होतो, हा तिचा धडा आहे.

या धड्याचा संग्राहकांशीं संबंध असा. वऱ्हाडांत या विषयाचीं साधनें विखुरलेलीं आहेत. दादासाहेब खापर्डे यांची इंग्रजी रोजनिशी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहे. तींतील शिर्डीच्या मुक्कामाचा भाग भक्तजनांत सर्वत्र वाचला जातो, पण राजकीय दिनक्रमाच्या नोंदी याच दृष्टीनें, तारीखवार, कोण कोणास भेटलें एवढेंच टिपून वाचल्यास चाचणीच्या मालिकेचें काम देतील. रोजनिशी ही मुळांतच माग काढणारी वस्तु आहे. निकाल ठाऊक नसतांना ती लिहिली जाते, हा आठवणी व चरित्रें यांच्यापेक्षां तिचा मोठा गुण. अकोल्याकडे पाहिलें तर पुढील पिढींतील ब्रिजलाल बियाणी यांसारख्या प्रांतिक कमिटीच्या अध्यक्षांच्या काळचा पत्रव्यवहार, सभासद-नोंदणीचीं पुस्तकें व स्थानिक पत्रांच्या फायली हीं त्याच जातीचीं साधनें होत.

आमची सूचना अगदीं व्यावहारिक आहे. असा कागद हातीं आला कीं त्यासोबत पांच गोष्टी टिपून ठेवाव्या: तारीख, गांव, सभा किंवा यादी कोणीं सिद्ध केली तें नांव, किती माणसें हजर होतीं किंवा किती सह्या आहेत तो आंकडा, आणि नेमका प्रश्न काय विचारला होता. पाकिटें व टपालाचे शिक्के टाकून देऊं नयेत. ठरावावर तारीख नसल्यास तो शिक्काच तारीख सांगतो. पावत्यांचीं पुस्तकें क्षुल्लक म्हणून रद्दींत जातात. १९०७ च्या प्रकरणांत मताधिकार त्या पावतींतच होता, हें ध्यानांत ठेवावें. सह्यांच्या कागदाचे तुकडे करून प्रसिद्ध पुरुषाची सही तेवढी कापून ठेवण्याची जी खोड कांहीं संग्राहकांस असते, ती तर सर्वांत घातक. कारण मोठ्या नांवाखालच्या चाळीस अप्रसिद्ध सह्या हेंच तेथील लोकमत असतें, व तें एकदां कात्रीखालीं गेलें कीं कोणत्याही विद्येनें परत येत नाहीं. अमरावती व अकोला येथील दप्तरांतून अशा पांच रकान्यांची एक जरी यादी तयार झाली, तरी वऱ्हाडानें १९०७ सालीं कोणास कौल दिला या प्रश्नाचा विचार पक्षाभिमानावर न चालतां कागदावर चालूं लागेल. इत्यलम्.